दिवे लावताच एमसीबी का पडते? घरातील एलईडीचा सुरुवातीचा करंट कसा आवरावा

जुळे सोलापुरात किंवा विजापूर रस्त्याच्या बाजूला अलीकडे बांधलेल्या घरांत दिवाणखान्याला पीओपीचे छत, त्यात ओळीने बसवलेले पॅनेल लाइट आणि कडेने फिरणारी स्ट्रिप हा आता नेहमीचा थाट झाला आहे. अशा घरांतून एक तक्रार हमखास ऐकू येते. सगळे दिवे मिळून तीनशे वॅटही भरत नाहीत, तरी संध्याकाळी बटण दाबले की एखाद्या दिवशी एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की वीज आपोआप तोडणारा स्विच, पडते. ती वर केली की मात्र दिवे रात्रभर बिनतक्रार चालतात. वायरमनला बोलावले तर त्याच्यासमोर ती एकदाही पडत नाही. मग ‘सहाची काढून सोळाची टाकू’, म्हणजे ६ अँपियरच्या एमसीबीऐवजी १६ अँपियरची बसवू, असा सल्ला मिळतो. हा सल्ला चुकीचा आहे. तो का चुकीचा आहे आणि त्याऐवजी कोणत्या क्रमाने काय करावे, हे येथे पाहू.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करावी लागेल. दिव्यांची मोजदाद, निरीक्षण आणि हिशेब घरमालकाने स्वतः करावा. परंतु डीबी (एमसीबी बसवलेली वितरण पेटी) उघडणे, एमसीबी बदलणे किंवा सर्किट वेगळे करणे ही कामे परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावीत. त्याला काय सांगायचे आणि काय विचारायचे, ते या लेखातून घ्यावे.

पहिल्या मिलिसेकंदात काय घडते

एलईडीला थेट २३० व्होल्ट चालत नाहीत. त्याच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे त्याला वीज पुरवणाऱ्या लहान सर्किटमध्ये, आधी एसीचे डीसी होते आणि ती डीसी सपाट ठेवण्यासाठी एक इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर बसवलेला असतो. बटण दाबण्यापूर्वी हा कॅपॅसिटर रिकामा असतो, आणि रिकामा कॅपॅसिटर त्या क्षणापुरता जवळजवळ शॉर्टसर्किटसारखा वागतो. आपल्याकडील २३० व्होल्ट ही परिणामी (आरएमएस) किंमत आहे; लाटेच्या शिखरावर व्होल्टेज सुमारे ३२५ पर्यंत जाते. बटण नेमके शिखराच्या वेळी दाबले गेले, तर करंटला अडवायला वायरचा आणि ड्रायव्हरमधील लहानशा रेझिस्टरचा रोध एवढेच काय ते उरते. याला इनरश करंट म्हणतात. तो एक मिलिसेकंदही टिकत नाही, पण तेवढ्यात नेहमीच्या करंटच्या शंभरपट उसळी घेऊ शकतो. मोबाइलचा किंवा लॅपटॉपचा चार्जर सॉकेटमध्ये घालताना पिनेजवळ जी बारीक ठिणगी दिसते, ती याच करंटची.

आता तक्रारीतले कोडे उलगडते. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने दर १० मिलिसेकंदांनी व्होल्टेज शून्यातून जाते. बटण शून्याजवळ दाबले गेले तर कॅपॅसिटर हळूहळू भरतो आणि काहीच होत नाही; शिखराजवळ दाबले गेले तर एमसीबी पडते. बोट कोणत्या क्षणी पडणार, हे कोणालाच ठरवता येत नाही. म्हणूनच ‘कधी पडते, कधी पडत नाही’ हीच या दोषाची सर्वांत खात्रीची खूण आहे, आणि वायरमनसमोर ती न पडणे यात त्याचा काही दोष नाही.

हाच हिशेब आकड्यांत मांडू. १२ वॅटचे २४ पॅनेल एकाच बटणावर आहेत असे समजा. एकूण भार २८८ वॅट. ड्रायव्हरचा पॉवर फॅक्टर ०.९ असेल तर करंट सुमारे १.४ अँपियर, आणि स्वस्त ड्रायव्हरचा ०.५ असेल तर २.५ अँपियर. दोन्ही आकडे ६ अँपियरच्या पुष्कळ आत आहेत. पण प्रत्येक ड्रायव्हरमध्ये १० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर आणि सुरुवातीला १० ओहमचा रेझिस्टर धरला, तर २४ मिळून २४० मायक्रोफॅरड होतात आणि समांतर जोडणीमुळे रेझिस्टरांचा रोध केवळ ०.४२ ओहम उरतो. तांब्याच्या १.५ चौरस मिलिमीटर वायरचा रोध किलोमीटरला १२.१ ओहम असतो. डीबीपासून छतापर्यंत २० मीटर, म्हणजे जाऊन-येऊन ४० मीटर धरले तर त्याचे ०.४८ ओहम. खांबापासून मीटरपर्यंतचे अर्धा ओहम धरा. एकूण १.४ ओहम. ३२५ ला १.४ ने भागले की सुमारे २३० अँपियर! तारेच्या इंडक्टन्समुळे प्रत्यक्ष शिखर थोडे बोथट होते आणि मिलिसेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात ते बरेच ओसरते, तरी सहाच्या एमसीबीला दचकवायला एवढे पुरेसे आहे.

या हिशेबातून लक्षात ठेवण्याजोगी बाब एकच: इनरशच्या बाबतीत वॅट मोजू नयेत, ड्रायव्हर मोजावेत. १२ वॅटचे २४ दिवे आणि २८८ वॅटचा एक हीटर यांची वीजबिलात बरोबरी होईल, पण बटण दाबण्याच्या क्षणी त्यांच्यात काहीच साम्य नसते.

आधी निदान, मग औषध

सर्वप्रथम डीबीत नेमके काय पडते ते पाहावे. पुष्कळ घरांत लोक ‘ट्रिप झाले’ एवढेच सांगतात; पडलेली वस्तू एमसीबी होती की आरसीसीबी, याकडे लक्ष दिलेले नसते. टेस्टचे लहान बटण असलेली आणि ३० मिलिअँपियर लिहिलेली ती आरसीसीबी; करंट अर्थिंगकडे झिरपला की वीज तोडणे हे तिचे काम. ती पडत असेल तर कारण वेगळे आहे. ड्रायव्हरमधील फिल्टर-कॅपॅसिटरांतून अर्थिंगकडे अगदी थोडा करंट झिरपत असतो. ३० मिलिअँपियरची आरसीसीबी १५ च्या पुढे केव्हाही पडू शकते, आणि ड्रायव्हरांची संख्या मोठी असली की हा झिरपा त्या मर्यादेजवळ जातो. अशा वेळी सर्व दिवे एकाच आरसीसीबीवर न ठेवता विभागावेत. आरसीसीबी काढून टाकणे हा उपाय नव्हे.

एमसीबी पडत असेल तर ती केव्हा पडते हे आठवडाभर एका कागदावर लिहून ठेवावे. बटण दाबताक्षणी आणि अधूनमधून पडत असेल तर इनरश. दर वेळी, न चुकता पडत असेल तर शॉर्टसर्किट. तेथे वारंवार एमसीबी वर करण्याचा हट्ट धरू नये. दहा-वीस मिनिटांनी पडत असेल तर भार जास्त आहे किंवा एमसीबीचा स्क्रू ढिला राहून तेथे उष्णता होते आहे. सोलापुरात या शेवटच्या प्रकाराला उन्हाळ्याची जोड मिळते. एमसीबीचा उष्णतेवर चालणारा भाग ३० अंश सेल्सिअस तापमान धरून जुळवलेला असतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असताना पश्चिमेच्या भिंतीतली डीबी तापली की तीच एमसीबी छापील आकड्यापेक्षा कमी करंटला पडते. इनरशला प्रतिसाद देणारा चुंबकीय भाग मात्र उन्हाने फारसा बदलत नाही. त्यामुळे ‘फक्त दुपारनंतर, आणि तीही काही वेळाने पडते’ असे निरीक्षण असेल, तर हा लेख बाजूला ठेवून आधी डीबीची जागा आणि भार तपासावा.

क्लॅम्प मीटरवर ‘इनरश’ असे बटण असते आणि ते दाबून इलेक्ट्रिशियन अगदी लहान आकडा दाखवतो. त्यावर विसंबू नये. ती सोय मोटारींसाठी असून बहुतेक मीटर साधारण १०० मिलिसेकंदांच्या अवधीतला करंट धरतात. एलईडीचा झटका त्याआधीच संपलेला असतो.

डेटाशीट वाचणे

चांगल्या ड्रायव्हरच्या डेटाशीटमध्ये, म्हणजे निर्मात्याच्या तांत्रिक माहितीपत्रकात, तीन गोष्टी दिलेल्या असतात: इनरशचे शिखर किती अँपियर, त्या झटक्याची रुंदी किती मायक्रोसेकंद, आणि एका एमसीबीवर जास्तीत जास्त किती ड्रायव्हर लावता येतील. तिसरी ओळ सर्वांत उपयोगाची. ती बहुधा १६ अँपियरच्या बी-वक्राच्या एमसीबीसाठी असते (वक्र म्हणजे एमसीबी किती झटका सोसते त्याचा प्रकार, तो पुढे पाहू); १० अँपियरच्या बी-वक्रासाठी तो आकडा साधारण ६३ टक्के धरावा. म्हणजे डेटाशीट ३० ड्रायव्हर म्हणत असेल, तर दहाच्या एमसीबीवर १८-१९ च्या पुढे जाऊ नये. बाजारात सुटे मिळणाऱ्या पुष्कळ पॅनेलांना डेटाशीटच नसते. निदान भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक, म्हणजे ‘आर’ने सुरू होणारा आकडा, आणि आयएस १५८८५ किंवा आयएस १६१०२ असा उल्लेख खोक्यावर आहे की नाही, हे पाहून घ्यावे. त्यावरून इनरश कळत नाही, पण ज्या मालावर एवढेही नाही त्याच्या आतले काय पाहायचे?

पहिला आणि बहुधा पुरेसा उपाय: दिवे विभागणे

खर्च सर्वांत कमी आणि परिणाम सर्वांत मोठा असा उपाय म्हणजे एका बटणावरचे दिवे कमी करणे. वरच्या उदाहरणातले २४ पॅनेल आठ-आठच्या तीन बटणांवर घेतले, की एका वेळी उठणारा झटका पुष्कळ उतरतो. तो बरोबर एक तृतीयांश होत नाही, कारण वायरचा रोध तोच राहतो. पण सहाच्या एमसीबीच्या दृष्टीने हा फरक पुष्कळदा निर्णायक ठरतो. घराचे काम चालू असेल आणि छत अजून झाकलेले नसेल, तर इलेक्ट्रिशियनला हे त्याच वेळी सांगावे. पीओपी झाल्यावर हेच काम तिप्पट खर्चाचे होते, शिवाय छताला डाग पडतात ते वेगळेच.

विभागणीची एक उणीव आहे. लाइट जाते तेव्हा तिन्ही बटणे चालूच राहतात, आणि लाइट परत येते तेव्हा तिन्ही गट एकाच क्षणी उठतात. त्यात फ्रिज, पंखे, टीव्ही यांचीही भर पडते. उन्हाळ्यात लाइट गेली की छताच्या दिव्यांची बटणे बंद करून एकच लहान दिवा चालू ठेवण्याची सवय घरातल्या सर्वांना लावावी. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी दुसऱ्या आणि तिसऱ्या गटाला ऑन-डिले टायमर रिले बसवून घ्यावा: पहिला गट लगेच, दुसरा एका सेकंदाने, तिसरा दोन सेकंदांनी. दिवे असे टप्प्याटप्प्याने लागताना दिसायलाही बरे वाटते, हा माझा व्यक्तिगत पक्षपात.

सोलापूरच्या पूर्व भागात खाली यंत्रमाग आणि वर बिऱ्हाड अशी घरे आहेत. तेथे आणखी एक काळजी घ्यावी लागते. मागाची मोटार थेट सुरू होताना नेहमीच्या पाच ते सात पट करंट ओढते, व्होल्टेज क्षणभर बसते, ड्रायव्हरमधील कॅपॅसिटर अर्धवट रिकामे होतात आणि व्होल्टेज सावरताच पुन्हा भरू लागतात. दिवसभरात असे कितीतरी लहान झटके बसतात. एमसीबी प्रत्येक वेळी पडत नाही, पण ड्रायव्हरचे आयुष्य घटते. घरात थ्री-फेज जोडणी असेल तर बिऱ्हाडाचे दिवे वेगळ्या सर्किटवर आणि शक्यतो कमी भार असलेल्या फेजवर घ्यावेत.

एमसीबी: आकडा नव्हे, वक्र

विभागणी करूनही एमसीबी पडत असेल, तर तिच्यावरील अक्षर पाहावे. ‘बी ६’ म्हणजे बी-वक्र, ६ अँपियर. बी-वक्राची एमसीबी छापील आकड्याच्या ३ ते ५ पटीत तत्काळ पडते, सी-वक्राची ५ ते १० पटीत. म्हणजे बी ६ ही १८ ते ३० अँपियरला, तर सी ६ ही ३० ते ६० अँपियरला. दोन्ही वायरचे रक्षण सारखेच करतात, कारण दीर्घकाळाची मर्यादा ६ अँपियर हीच राहते. बदलते ती फक्त क्षणिक झटका सोसण्याची तयारी. म्हणून बी ६ च्या जागी सी ६ बसवणे हा योग्य बदल आहे. बी ६ च्या जागी १६ अँपियर बसवणे हा नाही. एमसीबी दिव्याचे नव्हे तर वायरचे रक्षण करते. दिव्यांच्या सर्किटमधील मॉड्युलर स्विच ६ अँपियरचे असतात, वायर एक किंवा दीड चौरस मिलिमीटरची असते, आणि जुन्या घरांत ती अॅल्युमिनियमचीही असू शकते. अशा वायरमधून बारा-पंधरा अँपियर वाहिले तरी सोळाची एमसीबी स्वस्थ बसून राहील आणि वायर भिंतीच्या आत तापत राहील.

सी-वक्र बसवताना एक अट पाळावी. फेजची वायर अर्थिंगला टेकण्याचा दोष झाला तर सी-वक्राला तत्काळ पडण्यासाठी जास्त करंट लागतो. सी १० ला १०० अँपियर लागतात, म्हणजे दोषमार्गाचा एकूण रोध २.३ ओहमच्या आत हवा. सोलापूरची काळी जमीन आणि तिच्याखालचा काळा पाषाण उन्हाळ्यात कोरडा पडतो, जमिनीला भेगा पडतात आणि अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध चढतो; नुसत्या खड्ड्यावर अवलंबून असलेल्या घरात २.३ ओहम ही मर्यादा पाळली जाणे अवघड. अशा घरात एमसीबी कोणत्याही वक्राची असली तरी अर्थदोषाला ती पुरेशी ठरत नाही, आणि ३० मिलिअँपियरची आरसीसीबी अपरिहार्य होते. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालण्याची जुनी सवय अजिबात सोडू नये.

एनटीसी: उपाय चांगला, पण उन्हाळ्यात अर्धा

एनटीसी थर्मिस्टर ही काळपट किंवा हिरवट रंगाची, बटणाएवढी चकती असते. थंड असताना तिचा रोध जास्त असतो आणि करंट वाहू लागून ती तापली की रोध उतरतो. ती ड्रायव्हरांच्या आधी फेजच्या वायरमध्ये सिरीजमध्ये जोडतात. तिच्यावर ‘१०डी-१५’ असे लिहिलेले असते: १० हा २५ अंश तापमानाला असलेला रोध ओहममध्ये आणि १५ हा चकतीचा व्यास मिलिमीटरमध्ये. आपल्या उदाहरणात अशी एक चकती घातली की एकूण रोध ११.४ ओहम होतो आणि शिखर २३० वरून २९ अँपियरच्या आसपास येते. निवडताना व्यासाकडे दुर्लक्ष करू नये. १०डी-९ ही सुमारे २ अँपियर सतत सोसते. स्वस्त ड्रायव्हरांच्या २.५ अँपियरला ती अपुरी आहे, १०डी-१५ पुरते. किती मायक्रोफॅरडपर्यंत ती चालते हेही तिच्या डेटाशीटमध्ये पाहावे.

आता अडचण. ही चकती उष्णतेवर चालते, आणि सोलापुरात मे महिन्यात स्लॅब आणि पीओपीच्या मधली पोकळी एखाद्या भट्टीसारखी असते. अशा चकतीचा रोध ४५ अंशांना साधारण निम्मा आणि ५५ अंशांना चार ओहमच्या आसपास येतो. तेव्हा शिखर २९ ऐवजी ६० अँपियर होते. शिवाय दिवे बंद करून लगेच पुन्हा लावले तर चकती अजून गरमच असते आणि तिचा उपयोग जवळजवळ शून्य; थंड व्हायला तिला अर्ध्या मिनिटापासून दोन-तीन मिनिटे लागतात. लाइट पाच सेकंदांसाठी जाऊन येते तेव्हा नेमके हेच घडते. म्हणून चकती छताच्या पोकळीत न बसवता खालच्या स्विचबोर्डाजवळ, हवा खेळणाऱ्या वेगळ्या पेटीत, चिनीमातीच्या कनेक्टरला जोडून बसवावी. चालू असताना ती शंभर अंशांच्या वर जाते. चिकटपट्टी गुंडाळून प्लॅस्टिकच्या पाइपात कोंबलेली चकती म्हणजे आगीला आमंत्रण.

स्ट्रिप, स्मार्ट स्विच आणि इन्व्हर्टर

१२ व्होल्टच्या स्ट्रिपला लागणारा मोठा एसएमपीएस (२३० व्होल्ट एसीचे १२ व्होल्ट डीसी करणारा वीजपुरवठा) एकटाच कित्येक पॅनेलांना भारी पडतो. ३५० वॅटच्या एसएमपीएसच्या डेटाशीटवर २३० व्होल्टला ६० अँपियरचा कोल्ड-स्टार्ट (थंड अवस्थेतून सुरू करतानाचा) इनरश दिलेला आढळतो. मीटरला १४.४ वॅटची १० मीटर स्ट्रिप म्हणजे १४४ वॅट. त्यासाठी एकच ३५० वॅटचा एसएमपीएस घेण्यापेक्षा १०० वॅटचे दोन घेऊन पाच-पाच मीटर विभागावेत आणि त्यांची बटणे वेगळी ठेवावीत. डीसीच्या बाजूने बंद-चालू करायचे असेल तर त्यासाठीचा कंट्रोलर वापरावा. भिंतीवरचा साधा एसीचा स्विच १२ व्होल्टच्या मोठ्या डीसी करंटसाठी बनवलेला नसतो.

स्मार्ट स्विचच्या आत लहान रिले असतो. त्यावर १० अँपियर लिहिलेले असले तरी ते हीटरसारख्या भारासाठी असते. एलईडीची मर्यादा वेगळी आणि पुष्कळच कमी असते, ती माहितीपत्रकात शोधावी. इनरशच्या ठिणगीने रिलेचे काँटॅक्ट एकमेकांना चिकटतात आणि मोबाइलवर ‘बंद’ दिसत असताना दिवे चालूच राहतात. व्होल्टेज शून्यातून जाताना जोडणी करणारा, म्हणजे झिरो-क्रॉसिंगचा स्विच मिळत असेल तर थोडे पैसे जास्त देऊन तोच घ्यावा.

इन्व्हर्टरवर छताचे सगळे दिवे घेऊ नयेत. स्क्वेअर-वेव्हचा जुना इन्व्हर्टर असेल तर दर अर्ध्या आवर्तनाला व्होल्टेज उभे चढते, आणि कॅपॅसिटरला एकदाच नव्हे, पुन्हा पुन्हा झटका बसतो. साइन-वेव्हच्या इन्व्हर्टरवर हा त्रास नसतो.

वळवाच्या पावसात विजा चमकताना बाहेरून येणारे सर्ज, म्हणजे व्होल्टेजचे अचानक झटके, हा वेगळा विषय आहे. त्यासाठी डीबीत टाइप-२ एसपीडी (सर्जपासून रक्षण करणारे साधन) लागते. ती इनरशवर काहीच करत नाही, आणि इनरशवरचे कोणतेही उपाय विजेपासून वाचवत नाहीत. दुकानदाराने एकाच डबीत दोन्ही विकण्याचा प्रयत्न केला तर हे त्याला विचारावे. गड्ड्याच्या यात्रेत किंवा दिवाळीत लावलेल्या माळा एकाच एक्स्टेंशन बोर्डवर जोडल्या असतील, तर बोर्डचे बटण बंद ठेवून सर्व पिना आधी बसवाव्यात आणि मग माळा एकेक करून चालू कराव्यात.

काम झाल्यावरची चाचणी

एकदा बटण दाबून ‘झाले’ म्हणणाऱ्या इलेक्ट्रिशियनला थांबवावे. शिखराचा क्षण योगायोगाने गाठायचा असल्याने किमान वीस वेळा बटण बंद-चालू करून पाहावे, दहा वेळा मध्ये दोन-तीन मिनिटे सोडून आणि दहा वेळा लगोलग. त्यानंतर सर्व गटांची बटणे चालू ठेवून मेन स्विच पाच-सहा वेळा बंद-चालू करावा. लाइट परत येण्याची ही नक्कल आहे. तत्पूर्वी फ्रिज आणि संगणक यांची बटणे बंद ठेवावीत. चकती बसवली असेल तर हीच चाचणी मेमध्ये, दुपारी तीनच्या सुमारास पुन्हा घ्यावी. शेवटी डीबीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवून त्यावर कोणत्या एमसीबीवर किती ड्रायव्हर आहेत, वायर किती जाडीची आहे आणि चकती कोठे बसवली आहे हे लिहून ठेवावे, म्हणजे पुढच्या वेळी ‘सोळाची टाकू’ म्हणणाऱ्याला ते आधी वाचावे लागेल.